केबल सोडण्याआधी: मराठी घराने स्ट्रीमिंग सेवा कशा निवडाव्यात

केबल बंद करून ओटीटीवर जावे का, हा प्रश्न घरात निघतो तो बहुधा एखाद्या सवलतीच्या निमित्ताने. मोबाइलच्या रिचार्जवर तीन महिन्यांसाठी एखादी सेवा मिळते, नव्या स्मार्ट टीव्हीबरोबर दुसरी येते, त्याच सुमारास केबलवाला पॅकचे पैसे वाढवतो, आणि मग ‘आता केबल हवीच कशाला?’ असे कोणीतरी म्हणते. अशा वेळी हाताशी जे आले आहे त्यावरून निर्णय होतो, आणि महिन्याभराने लक्षात येते की घरात रोज पाहिली जाणारी मालिका घेतलेल्या एकाही सेवेवर नाही. म्हणून येथे क्रम उलटा धरला आहे. आधी घरात काय पाहिले जाते ते पाहावे, मग ते कोठे मिळते ते शोधावे, त्यानंतर इंटरनेट आणि पैसे यांचा हिशेब करावा, आणि केबल तोडण्याचा निर्णय अगदी शेवटी घ्यावा. उदाहरण महाराष्ट्रातल्या मराठी घराचे घेतले आहे. हिंदी किंवा इंग्रजीच अधिक पाहणाऱ्या घरांचा प्रश्न यापेक्षा बराच सोपा असतो.

आधी घरातले पाहणे नोंदवावे

एक आठवडा टीव्हीशेजारी वही ठेवावी आणि कोण, कोणत्या वेळी, कोणती वाहिनी पाहते ते लिहावे. केबलच्या पॅकमध्ये दोन-तीनशे वाहिन्या असल्या तरी प्रत्यक्ष पाहण्यातल्या वाहिन्या दहाच्या पुढे क्वचित जातात, आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळेत तर दोन-तीन वाहिन्यांवरच रिमोट फिरत असतो. या नोंदीत एक रकाना आवर्जून ठेवावा: तो कार्यक्रम त्याच वेळी पाहणे गरजेचे आहे, की नंतर पाहिला तरी चालेल? मालिकेचा भाग रात्री साडेआठऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला तरी बिघडत नाही. सामना आणि निवडणुकीचा निकाल यांचे तसे नसते.

नोंद करताना एक गोष्ट निसटते, ती म्हणजे ‘नुसता चालू असलेला’ टीव्ही. सकाळी स्वयंपाकघरात काम चालू असताना बाहेरच्या खोलीत अभंग किंवा बातम्या लागलेल्या असतात, दुपारी जुना चित्रपट चालू असतो आणि समोर कोणी बसलेलेही नसते. हे पाहणे स्ट्रीमिंगमध्ये सर्वांत अवघड जाते, कारण तेथे प्रत्येक वेळी काहीतरी निवडावे लागते, आणि बराच वेळ रिमोटला हात लागला नाही तर ‘अजून पाहत आहात का?’ असे विचारून काही सेवा चक्क थांबतात. ज्या घरात टीव्ही असा दिवसभर सोबतीला असतो, त्या घराने सलग चालणारी वाहिनी कोठून मिळणार आहे याची सोय आधी पाहावी. केवळ मालिका आणि चित्रपट यांच्या याद्या पाहून निर्णय घेऊ नये.

कोणती वाहिनी कोणत्या सेवेवर आहे

मराठी मनोरंजन वाहिन्या मोठ्या प्रसारण कंपन्यांच्या आहेत आणि प्रत्येक कंपनीने आपला माल आपल्याच ॲपवर ठेवला आहे. झी मराठी, झी युवा आणि झी टॉकीज यांच्यासाठी झी५ लागते. स्टार प्रवाह, प्रवाह पिक्चर आणि कलर्स मराठी या तिन्ही आता जिओहॉटस्टारच्या छत्राखाली आहेत, कारण डिस्ने+ हॉटस्टार आणि जिओसिनेमा ही दोन ॲप १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एक झाली. सोनी मराठीचे कार्यक्रम सोनीलिव्हवर आणि सन मराठीचे सन एनएक्सटीवर असतात. नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ यांच्यावर मराठी चित्रपट मिळतात, प्राइमवर अधिक, पण रोजच्या मराठी मालिकांसाठी या दोन्हींचा काही उपयोग नाही. केवळ मराठी चित्रपटांसाठी अल्ट्रा झकाससारखे स्वतंत्र ॲपही आहे.

यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना आवडत नाही, पण तो टाळता येत नाही. ज्या घरात सासूबाई स्टार प्रवाह पाहतात, सूनबाई झी मराठी पाहतात आणि शनिवार-रविवारी सगळे मिळून सोनी मराठीवरचा विनोदी कार्यक्रम पाहतात, त्या घराच्या केबलच्या एका बिलाचे स्ट्रीमिंगमध्ये तीन वर्गण्यांत रूपांतर होते. उलट, घरातले सारे पाहणे दोन कंपन्यांच्या वाहिन्यांत मावत असेल तर केबल सोडणे परवडू शकते. म्हणूनच आठवड्याच्या नोंदीतल्या प्रत्येक वाहिनीपुढे सेवेचे नाव लिहावे आणि ज्या सेवेचे नाव सर्वाधिक वेळा आले ती आधी घ्यावी. एखाद्याच कार्यक्रमासाठी आलेल्या नावाशी थोडे निष्ठुर व्हावे. त्या कार्यक्रमाचे तुकडे वाहिनीच्या यूट्यूब पानावर बहुधा असतातच.

मराठी बातम्यांसाठी मात्र एक पैसाही खर्च करण्याचे कारण नाही. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास, न्यूज१८ लोकमत या वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी प्रसार भारतीचे वेव्हज हे ॲप आहे; नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचे उद्घाटन झाले. त्यावर दूरदर्शनच्या थेट वाहिन्या, आकाशवाणी आणि जुन्या कार्यक्रमांचा संग्रह आहे. सह्याद्रीवरचे जुने कार्यक्रम आठवणाऱ्या पिढीला हे ॲप दाखवून द्यावे; त्याची मांडणी फार सुबक आहे असे म्हणता येणार नाही, पण तेथे सापडणारे काही कार्यक्रम अन्यत्र सापडत नाहीत.

चित्रपटांसाठी वर्षभराची वर्गणी घेताना सावध असावे. चित्रपटाचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, मुदत संपली की तो एका सेवेवरून उठतो आणि दुसरीकडे जातो, किंवा काही काळ कोठेच दिसत नाही. मालिकेचे तसे नसते. वाहिनीची मालिका त्याच कंपनीच्या ॲपवर राहते. म्हणून मालिकांची सेवा वर्षाची घ्यावी आणि चित्रपटांची महिन्या-महिन्याने, हा ढोबळ नियम बहुतेक घरांना लागू पडतो.

जाता जाता स्थानिक केबल वाहिनीचा विचार करावा. गावातल्या गणपती विसर्जनाची मिरवणूक, नगरपालिकेच्या निवडणुकीची मतमोजणी, तालुक्याच्या कुस्त्या हे सारे शहरातल्या केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीवर दिसते आणि ते कोणत्याही मोठ्या सेवेवर येणार नाही. गोव्यातल्या घरांना स्थानिक बातम्यांच्या वाहिन्यांबाबत हाच प्रश्न पडतो. यांपैकी काहींनी यूट्यूब आणि फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केले आहे. आपल्या गावची वाहिनी तेथे आहे का, हे एकदा शोधून पाहावे.

क्रिकेटचा वेगळा हिशेब

क्रिकेट पाहणाऱ्या घरात निर्णय एका व्यक्तीच्या हाती जातो, त्यामुळे हा भाग नीट समजून घ्यावा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे टीव्ही आणि डिजिटल हक्क दोन वेगळ्या कंपन्यांनी घेतले होते. पुढे त्या कंपन्यांचे माध्यम व्यवसाय नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र आले आणि आता दोन्ही हक्क एकाच घरात आहेत. २०२३ आणि २०२४ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसले, २०२५ पासून त्यासाठी जिओहॉटस्टारची वर्गणी लागू लागली. ‘ओटीटीवर क्रिकेट फुकट असते’ ही समजूत त्या दोन वर्षांची आहे आणि ती आता सोडून द्यावी. भारतात होणाऱ्या मालिका आणि आयसीसीच्या स्पर्धाही याच सेवेवर आहेत. आशिया चषकाचे हक्क मात्र सोनीकडे आहेत, म्हणजे तो सोनीलिव्हवर दिसतो.

भारतीय संघ परदेशी गेला की हक्क यजमान देशाच्या मंडळाकडून विकले जातात, त्यामुळे प्रत्येक दौऱ्याला वाहिनी बदलू शकते, आणि कधी कधी टीव्हीची वाहिनी एका कंपनीची आणि ॲप दुसऱ्या कंपनीचे असेही होते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याचे सामने टीव्हीवर सोनीच्या वाहिन्यांवर होते, तर मोबाइल आणि स्मार्ट टीव्हीवर ते जिओहॉटस्टारवर दिसत होते. तेव्हा क्रीडा सेवेची वर्गणी दौऱ्याची घोषणा वाचून मगच भरावी. गेल्या दौऱ्यावरून अंदाज बांधू नये.

दूरदर्शनचा एक मार्ग फार थोड्या लोकांच्या लक्षात असतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी प्रसारकाला प्रसार भारतीला द्यावे लागते. ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर, म्हणजे मुख्यतः डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत छत्री-सेवेवर दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर खासगी केबल आणि डीटीएचवरच्या दूरदर्शनवर हे सामने दाखवता येत नाहीत. ज्यांना केवळ भारताचे मोठे सामने पाहायचे आहेत, त्यांनी हा मार्ग आधी तपासावा.

आणखी एक गोष्ट केवळ अनुभवाने कळते. स्ट्रीमिंगमध्ये चित्र केबलपेक्षा थोडे मागे असते, कधी काही सेकंद तर कधी अर्ध्या मिनिटाच्या आसपास. गोलंदाज अजून धावपट्टीच्या टोकाला उभा असतो आणि शेजारच्या, केबलवर सामना पाहणाऱ्या घरातून ‘आउट!’ अशी आरोळी येते. इमारतीच्या पातळ भिंती आणि अंतिम सामना यांचा योग आला की या दिरंगाईचा त्रास पुरेपूर समजतो. यावर उपाय नाही. सामन्याच्या वेळी मोबाइलवरचे गट आणि गुणफलकाच्या सूचना बंद ठेवणे एवढेच करता येते.

इंटरनेट पुरेसे आहे का

केबलच्या तारेला वेगाशी देणेघेणे नसते, स्ट्रीमिंगचा मात्र सारा भार त्यावर आहे. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे साध्या एचडीसाठी ३ एमबीपीएस, फुल एचडीसाठी ५ आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. कागदावर हे आकडे छोटे आहेत आणि ३० एमबीपीएसची साधी ब्रॉडबँड योजनाही त्यात सहज बसते. अडचण येते ती रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, जेव्हा सगळी सोसायटी एकदम पाहायला बसते. म्हणून वेगाची चाचणी दुपारी न करता रात्री नऊ वाजता करावी, आणि ती राउटरजवळ बसून मोबाइलवर न करता जेथे टीव्ही आहे तेथे करावी. स्मार्ट टीव्हीवर ब्राउझर असल्यास त्यावरच फास्ट डॉट कॉम उघडावे.

अनेक घरांत राउटर आतल्या खोलीत आणि टीव्ही दिवाणखान्यात असतो, मध्ये दोन भिंती असतात, आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपलीकडे लवकर दुबळा होतो, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंत पार करतो, पण त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते. शक्य असेल तेथे राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची तार ओढावी. दोन-तीनशे रुपयांच्या या तारेने सुटणारा प्रश्न अनेक जण महागडी योजना घेऊन सोडवू पाहतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घरचा टीव्ही चालवण्याचा विचार असेल तर आधी गुणाकार करावा. एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी आणि साध्या चित्राला सुमारे १ जीबी डेटा लागतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर बावीस मिनिटांचा मालिकेचा एक भाग एचडीमध्ये पाहिला तर एक जीबीहून अधिक डेटा संपतो, आणि दुसऱ्या मालिकेच्या मध्येच चित्र थबकते. याउलट ब्रॉडबँडवर रोज चार तास एचडी पाहिले तरी महिन्याला साधारण ३६० जीबी लागतील, आणि अनेक ‘अमर्याद’ योजनांची प्रत्यक्ष मर्यादा ३,३०० जीबी असते. थोडक्यात, घरात तारेचे किंवा एअरफायबरसारखे बिनतारी ब्रॉडबँड नसेल तर केबल सोडू नये.

वीज जाण्याचाही विचार करावा. वीज गेली की टीव्ही बंद पडतोच, पण राउटरला छोटा यूपीएस जोडला तर मोबाइलवर पाहणे चालू राहू शकते. टीव्हीला इन्व्हर्टर असलेल्या घरात राउटर आणि फायबरचा छोटा डबा हे दोन्ही त्याच जोडणीवर आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

पैशांचा हिशेब

तुलना करण्याआधी केबलचे बिल नीट वाचावे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत लागू झाली आणि ग्राहकाला हव्या त्याच वाहिन्या घेण्याचा अधिकार मिळाला. बिलात एक भाग नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे एनसीएफचा (जोडणीच्या मूळ शुल्काचा) असतो, दुसरा सशुल्क वाहिन्यांचा, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. एनसीएफ पूर्वी १३० रुपयांपर्यंतच घेता येत असे, म्हणजे करासह सुमारे १५३ रुपये. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली. पुष्कळ घरे केबलवाल्याने लावून दिलेला पॅक वर्षानुवर्षे तसाच भरत राहतात आणि त्यात कधीही न पाहिलेल्या इंग्रजी चित्रपटांच्या आणि तमिळ गाण्यांच्या वाहिन्या असतात. आठवड्याची नोंद हाती असेल तर केबलवाल्याला बोलावून आपल्याला हव्या त्या सशुल्क वाहिन्यांची यादी द्यावी आणि नवा आकडा विचारावा. काही घरांचा प्रश्न येथेच मिटतो, आणि त्यात वाईट काही नाही.

आता समजा, एका घराचे केबलचे बिल महिन्याला ३८० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ४,५६० रुपये. त्याऐवजी वर्षाला १,४९९ रुपयांच्या दोन सेवा घेतल्या आणि महिना ४९९ रुपयांची तिसरी सेवा वर्षातून तीन महिने घेतली, तर एकूण ४,४९५ रुपये होतात. म्हणजे बरोबरीच झाली. पण या घरात ब्रॉडबँड नसेल आणि ते केवळ टीव्हीसाठी ५९९ रुपये अधिक जीएसटी अशा दराने घ्यावे लागणार असेल, तर वर्षाला सुमारे ८,४८० रुपये वर पडतात. स्ट्रीमिंग स्वस्त असते, हे विधान ब्रॉडबँड आधीपासून असलेल्या घरापुरतेच खरे आहे. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घरून काम करण्यासाठी ते घेतलेले असेल तर त्याचा खर्च या हिशेबात धरू नये. नसेल तर पूर्ण धरावा आणि स्वतःची समजूत काढत बसू नये.

वर्गण्यांचे दर वारंवार बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशी सेवेच्या स्वतःच्या पानावर ते पाहावेत. दरांची रचना मात्र फारशी बदलत नाही, आणि ती समजून घेणे आकड्यांपेक्षा उपयोगाचे आहे. सर्वांत स्वस्त योजना बहुधा मोबाइलपुरती असते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा मोबाइल योजना १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये अशी पायरी लावली. जिओहॉटस्टारची १४९ रुपयांची तीन महिन्यांची योजनाही सुरू झाली तेव्हा एका मोबाइलपुरतीच होती. अशी योजना टीव्हीवर चालत नाही. रिचार्जबरोबर किंवा ब्रॉडबँडबरोबर मिळणारी वर्गणी नेमकी कोणत्या पायरीची आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. ‘हॉटस्टार फ्री आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ते टीव्हीवर चालेल का, किती पडद्यांवर एकाच वेळी चालेल आणि जाहिराती दिसतील का, हे तिन्ही विचारून घ्यावे.

जाहिरातींबाबत गैरसमज फार आहे. पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या, असे आता राहिलेले नाही. प्राइम व्हिडिओवर भारतात जून २०२५ पासून जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे भरावे लागतात. थेट सामन्यांत तर सर्वांत महागड्या योजनेतही षटकांमधल्या जाहिराती येतात.

पासवर्ड नातेवाइकांत वाटून घेण्याचे दिवसही सरत आहेत. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात एक खाते एका घरापुरते केले. ॲमेझॉनने २०२५ पासून पाच उपकरणे आणि त्यांत दोनच टीव्ही अशी मर्यादा घातली. पुण्यातला मुलगा आणि साताऱ्यातले आईवडील एकाच वर्गणीत भागवणार असतील तर ही अट आधी वाचावी.

मोजक्या दोन-तीन सेवा स्वतंत्र घ्याव्यात, की अनेक सेवा एकत्र देणारा पॅक घ्यावा? टाटा प्ले बिंज किंवा ओटीटीप्ले यांच्यासारखे पॅक कागदावर भरगच्च दिसतात. माझे मत असे की यादीतल्या किमान तीन सेवा घरात खरोखर पाहिल्या जाणार असतील तरच पॅक घ्यावा. अन्यथा न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे भरण्याची केबलची जुनी सवय आपण नव्या रूपात पुढे चालू ठेवतो.

टीव्ही, रिमोट आणि घरातली वडीलधारी मंडळी

जुना साधा टीव्ही असला आणि त्याला एचडीएमआयचे छिद्र असले की फायर टीव्ही स्टिक किंवा गुगल टीव्हीची काडी लावून काम भागते. मोठ्या डब्याच्या जुन्या टीव्हीला मात्र वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि त्यावर ॲपमधली अक्षरे वाचता येत नाहीत. तो खर्च करू नये. नवा स्मार्ट टीव्ही घेताना दुकानात उभे राहूनच आपल्या यादीतली सगळी ॲप त्यावर मिळतात का, ते पाहावे. नेटफ्लिक्स आणि प्राइम सगळीकडे असतात, पण छोटी मराठी ॲप प्रत्येक कंपनीच्या टीव्हीवर असतीलच असे नाही.

या सगळ्या प्रकरणात निर्णायक अडचण बहुधा रिमोटची असते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. केबलच्या रिमोटवर आजींना आपल्या वाहिनीचा आकडा बोटांना पाठ असतो. चष्मा न लावता, बटणाकडे न पाहता त्या तो दाबतात आणि मालिका सुरू होते. स्ट्रीमिंगमध्ये त्याच मालिकेपर्यंत पोहोचायला टीव्ही सुरू करणे, मुख्य पडदा येण्याची वाट पाहणे, ॲपचे चित्र शोधणे, आपले नाव निवडणे, मालिका शोधणे आणि ताजा भाग निवडणे इतक्या पायऱ्या आहेत, आणि मध्येच ॲपने अद्ययावत होण्याची किंवा पुन्हा लॉगिन करण्याची मागणी केली तर सगळे अडते. याची तयारी करावी. वापरात नसलेली ॲप मुख्य पडद्यावरून काढून टाकावीत आणि लागणारी दोन सर्वांत आधी आणावीत. मालिका आवडत्या यादीत घालून ठेवावी. आवाजाने शोधणारे बटण रिमोटवर असेल तर ते दाबून मालिकेचे नाव मराठीत उच्चारून पाहावे. बहुतेक वेळा ते समजते. एवढे करूनही चार-पाच दिवसांत हात बसला नाही, तर केबल राहू द्यावी. घरात टीव्ही सर्वाधिक पाहणाऱ्या व्यक्तीला तो स्वतः लावता आला नाही, तर वाचलेल्या पैशांना अर्थ नाही.

लहान मुले असतील तर त्यांच्यासाठी वेगळे प्रोफाइल करावे आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावी. २०२१ च्या नियमांनुसार सेवांना कार्यक्रमांवर वयोगट दाखवावा लागतो आणि १३ वर्षांवरील गटासाठी कुलूप देणे बंधनकारक आहे, पण ते कुलूप आपणच लावावे लागते.

मधले मार्ग

पूर्ण केबल आणि पूर्ण स्ट्रीमिंग यांच्यामध्ये बरीच जागा आहे. पहिला मार्ग म्हणजे डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च होतो, त्यानंतर महिन्याला काहीही भरावे लागत नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या आणि काही खासगी वाहिन्या त्यावर मिळतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होत असल्यामुळे यादी बदलत राहते, आणि आघाडीच्या सशुल्क मराठी मालिका-वाहिन्या तेथे मिळतील असे समजू नये. फ्री डिश आणि त्याच्या जोडीला एखादी स्ट्रीमिंग सेवा ही जोडी ग्रामीण भागातल्या अनेक घरांना सर्वांत स्वस्त पडते, शिवाय ‘नुसत्या चालू’ टीव्हीची सोयही त्यात होते.

दुसरा मार्ग आयपीटीव्हीचा. जिओ आणि एअरटेल यांच्या ब्रॉडबँडबरोबर मिळणाऱ्या बॉक्सवर नेहमीच्या वाहिन्या इंटरनेटवरून येतात, रिमोटवर आकडे दाबता येतात आणि त्याच बॉक्सवर ॲपही चालतात. आजींचा प्रश्न आणि नातवांचा प्रश्न एकाच डब्यात सुटतो. ब्रॉडबँड नव्याने घ्यायचेच असेल तर योजनेत वाहिन्या किती, आपल्या मराठी वाहिन्या त्यांत आहेत का, आणि बॉक्सची अनामत किती, हे विचारून हाच पर्याय आधी तोलावा. अनेक शहरांत केबलवालाच ब्रॉडबँडही देतो. त्याच्याकडून दोन्ही एकत्र घेतल्यास घासाघीस करायला जागा असते, आणि लाइन गेली तर फोन उचलणारा माणूस ओळखीचा असतो.

परदेशी जाणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की प्रसारणाचे हक्क देशानुसार विकले जातात, त्यामुळे भारतात भरलेली वर्गणी दुसऱ्या देशात तशीच चालेल असे नाही. अमेरिकेत झी५ जून २०२१ पासून स्वतंत्रपणे मिळते, क्रिकेटसाठी तेथे विलो ही वाहिनी लागते.

प्रत्यक्ष बदल कसा करावा

केबल चालू असतानाच स्ट्रीमिंग सेवा एक महिन्यासाठी घ्याव्यात, वर्षासाठी नव्हे. त्या महिन्यात सेट टॉप बॉक्सचा रिमोट कपाटात ठेवावा. तो किती वेळा आणि कशासाठी बाहेर काढावा लागला, यावरून काय कमी पडते ते कळते. दोन्हीकडचे पैसे महिनाभर भरावे लागतात, पण वर्षाची वर्गणी भरून पस्तावण्यापेक्षा ते परवडते. शक्यतो आयपीएलचा किंवा परीक्षांचा महिना या चाचणीसाठी निवडू नये, कारण त्या काळात घरातले पाहणे नेहमीसारखे नसते.

महिना नीट गेला तर केबल बंद करण्याची विनंती लेखी किंवा ॲपवरून करावी आणि तिची नोंद जपून ठेवावी. केवळ रिचार्ज न करणे म्हणजे जोडणी बंद करणे नव्हे. सेट टॉप बॉक्स भाड्याने घेतला असेल तर तो परत करून अनामत मागावी आणि बॉक्स परत केल्याची पावती घ्यावी. विकत घेतलेला बॉक्स आपलाच असतो, पण तो दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर चालत नाही, त्यामुळे त्याची फार किंमत धरू नये. निर्णय पक्का झाला नसेल तर जोडणी तोडण्याऐवजी काही काळ स्थगित ठेवता येते का, ते विचारावे.

नव्या वर्गण्या भरताना ऑटो-पेची संमती आपोआप घेतली जाते. ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, पण ती संदेशांच्या गर्दीत हरवते. मोबाइलवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेची यादी असते. तेथे जाऊन महिन्या-महिन्याने घेतलेल्या सेवेची संमती पैसे भरल्याच्या दिवशीच रद्द करावी. भरलेली मुदत सहसा तशीच चालू राहते आणि पुढच्या महिन्यात ती सेवा खरोखर हवी आहे का, हे ठरवणे आपल्या हाती राहते. वर्षाच्या वर्गणीची संपण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी, आणि त्याच्या आठवडाभर आधी पाहण्याची ती वही पुन्हा एकदा टीव्हीशेजारी ठेवावी, कारण तोपर्यंत निम्म्या मालिका संपलेल्या आणि एखाद-दुसऱ्या वाहिनीचा मालक बदललेला असण्याची शक्यता बरीच असते.